बंधाऱ्याचा मासा

आमच्या ह्यांच्या गळ्यात एक किल्ली असते. आंघोळ करतानासुद्धा. बंधाऱ्याची दारं उचलायचा दांडा समितीच्या कपाटात असतो, त्या कपाटाची ती किल्ली. हे समितीचे अध्यक्ष. एरवी दुकानात नळ आणि पाइप विकतात, पण अध्यक्ष झाल्यापासून त्यांना नळवाले म्हटलेलं खपत नाही.

बंधारा नदीच्या तोंडाशी आहे. वरून रस्ता, खाली लोखंडी दारं, पलीकडे समुद्र. दारं कायम बंद, म्हणून अलीकडे पाणी साचून तळं झालंय. त्यात समितीने पायाने चालवायच्या होड्या सोडल्यात, बदकाच्या आकाराच्या. टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं बदकात बसून पाय मारत गोल गोल फिरतात आणि उतरून म्हणतात, काय निसर्ग आहे हो तुमच्याकडे.

ह्यांची थोरली बहीण नदीच्या वरच्या अंगाला राहते. समुद्रातले मासे दर वर्षी अंडी घालायला वर चढायचे, पार तिच्या दारापर्यंत. वन्सं ते धरायच्या, टिकावेत म्हणून एका खोलीत धुरी द्यायच्या, विकायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी त्या धुराच्या खोलीवर घर चालवलं आणि धाकट्या भावाला दुकानही घालून दिलं. हे सगळं हे विसरले. विसरण्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही.

दारं बसवली त्या वर्षी मासे आले आणि बंधाऱ्याला अडले. भिंतीखाली नुसती दाटी झाली होती, पाणी दिसेना. गाव बादल्या, टोपल्या, चादरी घेऊन धावलं. एकेका माशाच्या पोटात मूठभर गाभोळी, न घातलेली अंडी. हे माशांच्या ढिगाशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

"बघ," घरी येऊन मला म्हणाले, "बंधारा झाल्याबरोबर मासे किती वाढले."

मी चुलीपुढे बसून मासे साफ करत होते. म्हटलं, "वाढले नाहीत, अडलेत." हे हसले. बायको बोलली की हे आधी हसतात, मग पेपर उघडतात.

वन्सं लगेच बसने आल्या. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "दारं उघड. मासे वर येईपर्यंत तरी उघडी ठेव. वर अंडी पडली नाहीत तर पुढे येणार काय?"

"ताई, पाणी उतरलं तर होड्या चिखलात बसतील."

"बसू देत की."

"तुझं आपलं काहीतरीच. लोक लांबून येतात होड्यांसाठी."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. किल्ली माझ्या गळ्यात असती तर होड्यांसकट ह्यांनाही चिखलात बसवलं असतं. दुसऱ्या वर्षीही त्या आल्या, तेच बोलल्या, तेच ऐकून परत गेल्या. मासे तोवर निम्म्याने घटले होते. हे म्हणाले, हवामान.

यंदा ह्यांच्या डोक्यात नवीन किडा शिरला. माशांच्या मोसमात मोठ्या साहेबांना बोलवायचं, बंधाऱ्यावर टेबलं मांडायची आणि ताजा मासा समोर धरून समोर तळायचा. आचारी ठरला, मांडव पडला, ह्यांनी नवा कोट शिवला. सगळं वेळेवर आलं. मासेच तेवढे आले नाहीत. जाळ्यात एक फाटकी चप्पल आणि शेवाळ. बाजारात विचारावं तर तिथेही लोक हात हलवत परत चाललेले.

आणि मग आमच्या ह्यांनी काय करावं? वन्संना फोन केला. मी तिथेच उभी होते, म्हणून ऐकलं, नाहीतर माझा विश्वास बसला नसता.

"ताई, वर तुझ्याकडे मासे असतील ना? थोडे पाठव की. इज्जतीचा प्रश्न आहे."

लाज कशाशी खातात हे ह्या माणसाला ठाऊक नाही.

वन्सं आल्या. हातात पत्र्याचा डबा. साहेब खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. वन्सं ह्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "धुरी दिलेले आहेत. शेवटचे. दारं उघड, मग डबा देते."

ह्यांनी एकदा होड्यांकडे पाहिलं. पण साहेबांपुढे रिकाम्या ताटल्या होत्या. ह्यांनी किल्ली काढली, दांडा आणवला, आणि वर भाषण ठोकलं की पर्यावरणाचा विचार करून आज आम्ही माशांना वाट मोकळी करून देत आहोत. टाळ्या पडल्या. दारं कुरकुरत वर गेली. तळ्याचं पाणी धो धो खाली गेलं आणि बदकं एकेक करून चिखलात कलली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

भरती चढली तसं समुद्राचं पाणी दारांतून आत आलं. वन्सं कठड्याला धरून वाकून बघत होत्या. मीही बघत होते. पाणी आलं, फेस आला, काटक्या आल्या. दुसरं काही आलं नाही.

"वन्सं, उद्या येतील," मी म्हटलं.

"कुठून येतील गं? वर जन्मले असते तर आले असते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "धुराची खोली मोडली मी. लाकूडही विकलं."

मागे साहेब डब्यातले मासे खाऊन बोटं चाटत होते. "वा अध्यक्ष, बंधाऱ्याचा मासा म्हणजे काय चव आहे." आणि आमचे हे मान झुकवून म्हणत होते, "सगळी आपल्या बंधाऱ्याची कृपा, साहेब."

गाड्या गेल्यावर ह्यांनी आधी दारं खाली सोडली, किल्ली गळ्यात घातली, आणि मग खुशीत बहिणीकडे आले.

"ताई, लाज राखलीस. पुढच्या वर्षी दोन डबे आण."

वन्सं रागावल्या नाहीत. त्यांनी रिकामा डबा नळाखाली धुतला, कोरडा केला आणि ह्यांच्या हातात दिला.

"हा तूच ठेव. मला आता कशाला लागतोय."

ह्यांनी तो खरंच ठेवला. चांगला घट्ट झाकणाचा आहे म्हणाले. होड्यांची तिकिटं ठेवतात त्यात. तिकिटांना धुराचा वास येतो, अशी लोकांची तक्रार आहे.