नोएमीला शी झाली

सायकलवरून पडताना हँडल नोएमीच्या पोटात घुसलं होतं. पण चार दिवसांत पोर पुन्हा उड्या मारू लागली, तशी तिची आई रोसाल्बा निर्धास्त झाली. दोन महिन्यांनी मात्र नोएमीचे डोळे पिवळे पडले. लघवी गडद, शी चुन्यासारखी पांढरी, आणि खाज तर अशी सुटायची की ती सात वर्षांची पोर झोपायच्या झोळीच्या दोऱ्यांवर पाठ घासत रडायची.

मेरिदा शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर सोकोर्रो तेक यांनी कागदावर चित्र काढलं. "त्या माराने पित्ताची नळी आकसलीय. फुगा घालून दोनदा रुंद केली, पुन्हा आवळली. आता तो तुकडा काढून टाकते आणि आतड्याचा एक भाग वर ओढून थेट यकृताच्या नळीला जोडते."

"कॅन्सरबिन्सर नाही ना?" रोसाल्बाने धीर करून विचारलं.

"अजिबात नाही. नुसता व्रण आहे."

ऑपरेशन सहा तास चाललं. रोसाल्बाचा नवरा एलिहियो दाराबाहेर येरझाऱ्या घालत राहिला. बाहेर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान झालं. आता शीवर लक्ष ठेवा. रंग आला की पित्त उतरलं समजा."

चार दिवस काहीच नाही. पाचव्या सकाळी नोएमी ओरडली, "आई, आली!"

रोसाल्बाने भांड्यात डोकावून पाहिलं आणि भांडं घेऊन तशीच बाहेर धावली. "झाली! रंगीत झाली हो!"

"अहो बाई, झाकण तरी घाला!" नर्स किंचाळली.

सासूबाई क्रेसेन्सियांनी वाकून पाहिलं, छातीवर क्रूस काढला. "अगदी भोपळ्याच्या बियांच्या रश्श्यासारखी!"

"आई, आता मी तो रस्सा कसा खाऊ गं?" एलिहियो हसता हसता ढसाढसा रडू लागला.

डॉक्टरबाईंनी येऊन, सराफ सोनं पारखतो तसं पाहिलं आणि चक्क टाळ्या वाजवल्या.

"सगळ्यांनी माझी शी बघितली!" नोएमीने चादरीत तोंड लपवलं. "आता शाळेत काय सांगू?"

"सांग, तुमची कुणी बघायला तरी येतं का?" आजी म्हणाली.

महिनाभरात डोळे पांढरेशुभ्र झाले. ताप आला तर तडक यायचं आणि दरवर्षी तपासायचं, एवढं बजावून डॉक्टरबाईंनी तिला मोकळं केलं. गावच्या जत्रेत नोएमी वेणी सुटेपर्यंत नाचली. रोसाल्बा घरी चल म्हणून हाका मारत होती, पण ऐकतंय कोण?