आईची वाट

झेंडूच्या ओळीत ठिपक्याठिपक्यांचं एवढंसं जनावर झोपलेलं दिसलं, आणि माझ्या नवऱ्याने, समाधानने, त्यावर फुलांचा क्रेट पालथा घातला. "बिबट्याचं पिल्लू हाय. अंधारलं की आई येईल न्यायला," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, पिल्लाचं पोट असं ओघळलेलं नसतं. पण मांडीवर तान्ही लेक असली की बाईचं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

दिवेलागणीला दिवे न लावता आम्ही गच्चीवर बसलो. धुकं वावरात उतरलं, पिवळी फुलं त्यात तरंगायला लागली. क्रेटमधून बारीक, घुमल्यासारखा आवाज येत होता. माझी लेक झोपेतच ओठ हलवत होती.

बिबट्या आला नाही. बॅटरीच्या झोतात दिसलं, बांधावरच्या घाणेरीच्या झुडपातून मुठीएवढी दोन पिल्लं धडपडत आली आणि क्रेटच्या भोकांत तोंडं घालून दूध पिऊ लागली. आतली त्यांच्याकडे कुशीवर वळली होती. वाघाटी होती ती, रानमांजराची सगळ्यात लहान जात. पुरी वाढली तरी मांजरीएवढीही होत नाही.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "समाधान, ऊठ. बाळंतीण कोंडली रं आपण."