फवारलेलं कुरण

पीथमपूरच्या एका कारखान्याच्या आवारातलं तण मारायचं कंत्राट ईशानीकडे होतं. त्या दुपारी फवारणीचा पंप पाठीवर चढवताना तिला दिसलं, की कुंपणातून घुसलेली एक शेळी परवा फवारलेली, मलूल झालेली रोपं मिटक्या मारत खातेय. गार्डनं शेळीला हाकललं. ईशानीनं मात्र तडक घरी फोन लावला.

परवाच तिनं धारला घरामागचं शेवंती घोडीचं कुरणही फवारलं होतं. तिथं खुळखुळ्याचं विषारी तण माजलं होतं. हिरवा असताना तो कडू, म्हणून घोडी त्याला नुसती हुंगून सोडते. औषधानं कोमेजला की कडूपणा उतरतो, विष तसंच राहतं आणि यकृताला लागतं. मेलेली रोपं उपटून नेईपर्यंत शेवंतीला तबेल्यातच ठेव, असं तिनं भावाला, संग्रामला, बजावलं होतं. तो आज सकाळीच देवासला गेला होता. घरी होत्या फक्त आत्यासाहेब, भवानीबाई. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

फोन नुसता वाजत राहिला. पंप तिथंच टाकून तिनं स्कूटी काढली आणि शिफ्टच्या बसगाड्यांमधून वाट काढत, मध्येच थांबून पुन्हा फोन लावत, ती धारला पोचली.

कुरणाचं फाटक उघडं होतं. शेवंती मधोमध चरत होती. ईशानी जवळ गेली की ती लांब जाई आणि परत तोंड खाली घाली. शेवटी आत्यासाहेबांनी जिभेनं चुचकारलं, तशी मुकाट त्यांच्याकडे आली. ईशानीनं तिचा जबडा उघडून पाहिला. दातांत खुळखुळ्याची पानं होती.

"हे विषारी आहे, आत्यासाहेब. फाटक का उघडलंत?"

भवानीबाईंचा चेहरा उतरला. "सकाळपासून खूर आपटत होती. या घरात मला कुणी काही सांगत नाही गं. हिचं तेवढं कळतं, म्हणून उघडलं."

ईशानीनं डॉक्टरांना फोन लावला.

जनावरांचे डॉक्टर आले, रक्त घेऊन गेले. आज काही दिसणार नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू, म्हणाले. संध्याकाळी संग्राम परतला तेव्हा फाटक आपणच उघडल्याचं आत्यासाहेबांनी आधी सांगून टाकलं. चूक आपल्या दोघांची, त्यांना सांगायला हवं होतं, असं ईशानी म्हणाली. तो तबेल्यात गेला.

मग आत्या-भाचीनं त्या कुरणातलं तण हातानं उपटून काढलं. आत्यासाहेब एकेका रोपाबद्दल विचारत, ईशानी सांगे. पण बोलता बोलता दोघींचं लक्ष तबेल्याकडे जाई. चारा टाकला का? डोळा पिवळा तर नाही? कारखान्यावर ईशानीचं मन कामात लागेना. फवारलेल्या भागाला दोरी बांधली तरी ती वळून वळून बघे.

दिवाळीच्या तोंडावर दुसरा रिपोर्ट आला. यकृताला सूज होती, पण उतरत होती. घोडी वाचली, एवढ्यात स्वारी मात्र नको. रिपोर्ट आणायला गेलेल्या संग्रामनं इंदूरहून पहिला फोन आत्यासाहेबांना केला. ईशानीला बातमी त्यांच्याकडूनच कळली.

तरी संध्याकाळी घरी येताच ती चपलाही न काढता तबेल्यात गेली आणि उजेडाकडे वळवून शेवंतीचा डोळा पुन्हा पाहिला.