अर्धं झाड, अर्धा बोकड

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे. पोलादपूरच्या डोंगरावर कुडपण गावी चांगू बुवांच्या घरात राहते. माझं खोड शिवणीच्या लाकडाचं. उजव्या तोंडाची पुडी वरचेवर बदलली जाते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डाव्या तोंडाची पुडी मात्र सुरुवातीपासूनची. ती एका बोकडाच्या कातड्याची आहे आणि तो साधा बोकड नव्हता.

गावाने त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं, कारण तो कुणालाही न विचारता कुठेही चरत असे. पडवळाचे वेल, वाळत घातलेलं भात, शाळेचा तक्ता पुसायचं फडकं, सगळं त्याला चालायचं. बनुबाईंचा लग्नातला शालू कुंपणावर वाळत होता, तोही त्याने जरीसकट खाल्ला. पुढे जत्रेत सरपंचाचा कारभार संपला आणि मी बोलू लागले.

गौरी-गणपतीत आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा नाच होतो. पोरं चाळ बांधून गोल फिरतात, मधे बुवा गातात आणि दोन बाजू एकमेकींना गाण्यातून सवाल टाकतात. आमचं कुडपण तुरेवालं, खालचं दासगाव शक्तीवालं. ज्याला जवाब येत नाही, त्याने आपली ढोलकी उलटी ठेवायची आणि गप घरी जायचं. एकेकाळी माझ्या आवाजासाठी लोक घाट चढून येत. मग पोरं मुंबईला गेली आणि वर्षातले बरेच महिने मी खुंटीवर काढू लागले. सोबतीला पाल होती. तिला तालाचं अंग नव्हतं.

यंदा मुंबईची पोरं येताना बटणांचं एक काळं यंत्र घेऊन आली. थाप मारली की ते ढोलकी, ताशा आणि मेघगर्जना असे तिन्ही आवाज काढतं. चांगू बुवा म्हणाले, "ह्या साली हारलो तर तुमचा डबा वाजवा. मी ढोलकी खाली ठेवतो, ती कायमची." बुवा बोललेलं फिरवत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मीही मनाशी ठरवलं. हवा दमट, पुडी जुनी. हरायची वेळ आली तर शेवटच्या कडव्याला फाटकन फुटायचं. लोक म्हणतील, काय ढोलकी होती. उलटी पडून राहण्यापेक्षा हे बरं.

दुपारी देवळापुढे नाच रंगला. रामायणाचे सवाल झाले, महाभारताचे झाले, बुवा एकालाही हटले नाहीत. तेव्हा दासगावचे दत्ताराम बुवा बाजूला झाले आणि त्यांचा मुंबईचा पुतण्या ओम पुढे आला.

"राख केली साऱ्या गावाची निळ्या केसांच्या पोरानं,
धरणाच्या मग भगदाडात तो उभा राहिला जोरानं.
सांग बुवा तू तुरेवाल्या, नीट विचार करून,
धुतलं का रे पाप तयानं एकदाच मरून?"

चांगू बुवांचा हात माझ्यावर थांबला. सगळी पुराणं त्यांनी मनातल्या मनात उलटीपालटी केली. निळ्या रंगाचे पुष्कळ सापडले, निळ्या केसांचा एकही नाही.

"ह्यो कंच्या अध्यायात येतो रे?" त्यांनी विचारलं.

"तिसऱ्या सीझनमध्ये, बुवा. जपानी कार्टून हाय."

शक्तीवाले हसले. "ठेवा ढोलकी उलटी," मागून कोणी तरी म्हणालं. बुवांनी खरोखरच माझी दोरी गळ्यातून काढायला घेतली. मी श्वास भरला. आता फुटायचं.

तेवढ्यात बुवांची नात श्रुतिका हातातली झांज ठेवून पुढे आली. "आजोबा, थांबा. मी बघितलंय त्ये. तुम्ही फक्त ठेका धरा."

"अगो, तुला जमंल?"

"तुम्ही वाजवा तर खरं."

बुवांनी थाप मारली. फुटायचा बेत मी जरा पुढे ढकलला.

"मरण एका घडीचं पोरा, टाळ्या मिळती फार,
घर जाळलं ज्या म्हातारीचं, तिचं कोण ऐकणार?
शूर होता पोर, खरं ते, डोळ्यांत पाणी आलं,
माफ करायचं म्हातारीनं, तिला कोणी विचारलं?"

"अरे, पण त्याने जान दिली ना," ओम म्हणाला. "अजून काय द्यायचं?"

श्रुतिका बायकांकडे वळली. "बनुबाई, सरपंच मेला तवा तुम्ही त्याला माफ केलंत?"

"नाय गो," बनुबाई म्हणाल्या. "मटण खाल्लं, पन माफ नाय केला. माझा शालू व्हता त्यो."

"मग कधी केलंत?"

बनुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या विनीतच्या बारशाला ही ढोलकी वाजली. नाचताना कळलंच नाय मी कुनावर नाचत्ये. घरी गेल्यावर ध्यानात आलं. म्हटलं, जाऊ दे मेल्याला."

देवळापुढे हशा पिकला. दत्ताराम बुवाही हसले आणि त्यांनी आपली ढोलकी स्वतःच्या हाताने उलटी ठेवली. ओम डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे त्याला अजून एक सीझन पायजे."

"हां," श्रुतिका म्हणाली. "त्यात त्यानं घरं बांधावी."

मग चांगू बुवांनी मला जे वाजवलं, मित्रांनो, ते दासगावपर्यंत ऐकू गेलं असेल. यंत्रवाली पोरंही चाळ बांधून रिंगणात उतरली. जुनी पुडी ताणली गेली, कुरकुरली, पण टिकली. मेल्यावर कुणाचं चीज होतं ते मला माहीत नाही. सरपंचाचं वाजून वाजून झालं, एवढं खरं.

म्हणून मागणं एकच. घरातल्या जुन्या वस्तूला हार घालून खुंटीवर थोर करू नका. चुलीजवळ थोडी ऊब द्या, आणि कामाला लावा. त्या यंत्राशीही माझं वैर नाही. त्याच्यात बोकड नाही, इतकंच.

फुटायचं तेवढं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाईंच्या गौरीपुढे नाच होता.