ढिला कन्व्हर्टर

मखमलाबादच्या वाल्मीकला गाड्यांचं वेड होतं, आणि ते साधंसुधं वेड नव्हतं. शेतात झेंडू, गुलाब, कोबी सगळं लावायचा, पण गड्याचा जीव अडकलेला अंबडला, चंदर मिस्त्रीच्या गॅरेजात. एकेकाळी नाशिक-मुंबई टॅक्सी म्हणून पळलेली एक जुनी अमेरिकन प्लायमाउथ त्यानं कुणाच्या तरी गोठ्यामागून उचलून आणली. कुर्ल्याच्या भंगारातून जपानी इंजिन आणलं, तेही ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट. ऑटोमॅटिकच का? तर बायकोसाठी. विहिरीच्या पायरीवरून पडल्यापासून सुवर्णाचा डावा गुडघा धड वाकत नव्हता, क्लच दाबणं तिला जमण्यासारखं नव्हतं. "फुलं घेऊन बाजारात तूच जायचं. कुणाच्या टेम्पोची वाट बघायची नाही," असा शब्द त्यानं तिला दिला होता.

आणि ती शिकली की! उन्हाळ्यात शेतातल्या रस्त्यावर. ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकायची, मग पाय अलगद टेकवायचा, झालं. एके सकाळी ती सासऱ्यांना शेजारी बसवून थेट गणेशवाडीच्या फुलबाजारात जाऊन आली. सावळीरामआप्पा तर हवेत होते. भेटेल त्याला सांगायचे, "आमची सून डायवर हाय! लय झ्याक चालवती."

पण दिवाळीनंतर शर्यत होणार, असं जाहीर झालं. सरळ रस्ता, दोन-दोन गाड्या शेजारी, पाव मैलात जो पुढे तो जिंकला. वाल्मीकला तर रात्रीची झोप लागेना.

"हे बघ वाल्मीकभाऊ," चंदर म्हणाला, "मागच्या डिफरन्शिअलला, चाकं फिरवणाऱ्या पेटीत, मधला गिअर टाकू. सुटताना जोर मिळेल, हायवेला इंजिन फार बोंबलणार नाही. खरा प्रश्न कन्व्हर्टरचा." कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली तेलानं भरलेली डबी, क्लचचं काम तीच करते. "आत्ता आहे तो टाइट. ब्रेक सोडला की चालू लागतो, घरच्या गाडीला हाच बरा. शर्यतीला ढिला हवा. मग इंजिन चांगलं चढून ओरडेपर्यंत गाडी जागची हलत नाही, आणि हलली की गोळीसारखी सुटते. दोन्ही सुखं एका डबीत नाही मिळत, भाऊ. काय ते एक ठरव."

वाल्मीकनं ढिला निवडला.

"वहिनींना सांग मात्र. त्यांना सवय वेगळी आहे."

"सांगतो रे बाबा!"

सांगितलं का? छे! तिनं तोंड पाडलं असतं, म्हणाली असती, गाडी माझी की शर्यतीची? कोण ऐकणार ते? शर्यत झाली की जुना परत बसवू, असं म्हणून त्यानं विषय मनातच मिटवला. दसऱ्याच्या तोंडावर झेंडूची तोडणी एवढी अंगावर आली होती, की ती गाडीला हात लावणार नाही, याची त्याला खात्रीच होती.

दसऱ्याला टेम्पोनं बाजार करून दुपारी सगळे घरी आले आणि अंगणात गाडीची पूजा मांडली. बॉनेटला झेंडूचा जाडजूड हार, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबू. वाल्मीकची आई सगुणाबाई ओवाळून बाजूला झाली. वाल्मीक नारळ आणायला आत वळला, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "सुवर्णा, बस गं. लिंबावरनं तूच घाल गाडी. लक्ष्मीच्या हातानं व्हऊ दे."

सुवर्णानं लाजत पदर खोचला, गाडी चालू केली, गिअर टाकला, ब्रेक सोडला. गाडी जागची हलेना.

तिनं पाय टेकवला. इंजिन घुरघुरलं, गाडी तिथंच. सगुणाबाई हसली, "अगं, गिअरच पडला नसंल!" आणि आप्पांना वाटलं, लिंबूच तिरकं बसलंय, चाकाला अडतंय. म्हातारा वाकला, चाकापुढे उकिडवा बसला आणि लिंबू बोटानं सरळ करू लागला. लांबलचक बॉनेट, त्यावर एवढा मोठा हार. सुवर्णाला ते दिसलेच नाहीत. तिनं पाय आणखी दाबला.

वाल्मीकच्या हातात नारळ होता. इंजिनाचा आवाज चढत गेलेला त्यानं ऐकला आणि तो दाराकडे धावला. दारात येऊन तो ओरडला, "पाय काढ! सुवर्णा, पाय काढ!"

गाडी सुटली होती. अंगण ओलांडून झेंडूच्या प्लास्टिकच्या कॅरेटांत घुसली, तिथून गोठ्याच्या खांबाला धडकून बंद पडली. आप्पा मातीत पडले होते. शुद्धीवर होते, पण उजवा पाय मांडीपासून भलतीकडेच वळलेला. वाल्मीक बापाशेजारी बसला खरा, पण हात कुठे लावावा तेच त्याला कळेना. शेवटी त्यानं बापाचा हात हातात घेतला.

सुवर्णा लंगडत आली आणि आप्पांच्या उशाशी कोसळली. "माझ्या हातून झालं! आप्पा, माझ्याच हातून!"

"रडू नको पोरी," म्हातारा दात आवळून म्हणाला. "मीच कडमडलो मधी. तुझी काय चूक नाय."

सगुणाबाई मात्र कडाडली. "तरी म्हणत होते, बाईमाणसाच्या हातात कशाला गाडी!" सुवर्णानं मान खाली घातली. "पुन्हा शिवणार नाही मी. आईशप्पथ, कधीच नाही."

वाल्मीकला ऐकवेना. "गप बस आई! तिची चूक नाहीये. कन्व्हर्टर मी बदलला. शर्यतीसाठी."

सुवर्णानं तोंड वर केलं. डोळ्यांतलं पाणी गालावरच थांबलं होतं.

"कन्व्हर्टर म्हणजे काय हो?"

अंबडच्या चहाच्या टपरीवर सगळ्या दुनियेला समजावून झालं होतं, फक्त हिलाच नाही. तो अडखळत सांगू लागला. ब्रेक सोडला तरी आता हलत नाही, जोरात दाबावं लागतं, मग एकदम सुटते. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आप्पासुद्धा कण्हणं थांबवून ऐकत होते.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "आणि मी बसले."

आप्पांनी वाल्मीकच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि सुनेच्या हातात दिला.