कूपेलात जन्मलेला

जमिनीचे कागद करणारी समिती आली त्या आठवड्यात आमच्या गावात भलतीच बाळंतपणं झाली. पांढऱ्या दाढीचे बाप्ये एकामागून एक उठून सांगायचे, मी इथलाच, याच गावात जन्मलो. म्हातारी सुईण माझ्या खानावळीत तळलेली केळी खात होती. म्हणाली, "यातल्या एकाचीही नाळ मी कापलेली नाही."

नवा कायदाच तसा होता. जमिनीची मालकी फक्त नागरिकाला. शेजारच्या बुर्किना देशातून आलेल्याला ती नाही, मग त्याची कोकोची बाग कितीही जुनी असो.

सगळ्यांचं लक्ष होतं कुका निकिएमाकडे. बाग त्याची सर्वांत दाट, म्हणून. म्हाताऱ्या गोहूनं त्याला रान दिलं, आणि जमीन देणारा आमच्याकडे बापच. गोहू गेला तेव्हा कुका मुलांच्या रांगेत बसला, डोकं भादरून. आता गोहूचा थोरला, लुसियाँ, आबिजान शहरातून परतला होता आणि त्याला बाग हवी होती. कुका खोटं बोललाच तर तोंडावर पाडायला त्यानं जुना ट्रकवालाही आणून बसवला होता. कुकाला बुर्किनातल्या कूपेलाहून इकडे आणलं ते या ट्रकवाल्यानंच.

"सांगा की दादा, कुठं जन्मलात? लाजता कशाला?" लुसियाँ म्हणाला.

शेजारी कुजबुजला, "इथला म्हण रे. दोन साक्षीदार तयार आहेत."

कुकानं टोपी काढली. "माझी आई पोको. तिनं मला कूपेलात जन्म दिला. कागदासाठी मी तिला दुसऱ्या गावात बाळंत करणार नाही. झाडं मी लावली. जमीन गोहूबाबांची."

"मग मालकी नाही मिळायची," समितीच्या बाई म्हणाल्या.

"मागतोय कोण?"

लुसियाँ हसला. "झालं तर मग. झाडं सोडा."

तेवढ्यात गोहूचा भाऊ दिगबो काठी टेकत उठला. "जमीन आमच्या घराची, हे त्यानंच कबूल केलं. आणि घराचा कर्ता अजून मी आहे. बाई, भाडेपट्टा लिहा. कुकाच्या नावानं, कायद्यात बसतील तितकी वर्षं. त्याच्यामागे पोरांच्या नावानं."

"काका, तो परका आहे."

"आहेच. स्वतःच सांगतोय की. तू बापाच्या मयतीला दुसऱ्या दिवशी आलास, भांग पाडून. मी काही बोललो?"

ट्रकवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. पट्टा लिहून झाला आणि गोहूचा थोरला म्हणून लुसियाँलाच त्यावर साक्षीदाराची सही करावी लागली.

मग कुका ताठ मानेनं माझ्या खानावळीत आला आणि सगळ्यांसाठी भात-कालवण सांगितलं. लुसियाँ दारात घुटमळत होता.

"त्यालाही वाढ," कुका म्हणाला. "इथलाच आहे तो."