गुरुवारचे विजय

गुरुवारच्या सरावसामन्यात संघातले नवखे जुन्या खेळाडूंना हरवत. रविवारी, फुटबॉल लीगच्या सामन्यात, तेच नवखे त्याच मैदानावर तेच बूट घालून हरत. हे एकदा घडलं नाही. हंगामाच्या उत्तरार्धात दर आठवड्याला घडत राहिलं.

क्लबच्या विश्लेषिकेची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. छत तिरकं, त्यामुळे ताठ उभं राहायचं तर दारापाशीच. वरून कोणी धावत गेलं की टेबलावरच्या चहात तरंग उठत. इथे बसून ती सामन्यांची चित्रणं पाही आणि कोण कुठे होता, कुठे असायला हवा होता, याचा हिशेब मांडी. संख्याशास्त्र शिकून ती या कामात आली होती. क्लबात तिला ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मागच्या रविवारच्या निकालावर अवलंबून असे. चित्रण नेहमी आवाज बंद करून पाहायचं, हा तिचा नियम होता. गलका कानावर पडला की साधा पासही थोर वाटू लागतो, आणि शांततेत झालेली चूक नजरेतून निसटते, असं तिचं म्हणणं होतं. ते खरंही होतं.

संघ गुणतक्त्याच्या तळाशी पोचला होता. असंच चाललं तर पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळावं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रशिक्षकांनी तिला बोलावून घेतलं आणि दार लावलं.

“बोला, शास्त्रज्ञबाई. पोरांना उतरवायचं की नाही? वरची मंडळी माझ्या मानगुटीवर बसलीत.”

“उतरवायचं. गुरुवारी ते सातत्यानं जिंकतायत.”

“सरावात कुणीही वाघ असतो.”

“मग जुने का नसतात?”

प्रशिक्षकांनी कान खाजवला. “जुने गुरुवारी कप्तानाशिवाय खेळतात. हे धरलंत का?”

तिनं ते धरलं होतं. कप्तानाचा गुडघा बरीच वर्षं कुरकुरत होता. डॉक्टरांनी आठवड्यात एक दिवस विश्रांती सांगितली होती, आणि नुसतं बसून राहणं त्याच्या रक्तात नसल्यामुळे गुरुवारी तो शिट्टी गळ्यात अडकवून पंच होई. “तो कुठल्याच बाजूकडून खेळत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर तुलना निखळ आहे. त्या सामन्यात तो कुठेच नाही.”

“बरं. जागा कोणाच्या जायच्या?”

तिनं आघाडीच्या एकाचं नाव घेतलं, मग मधल्या फळीतल्या एकाचं. तिसऱ्याच्या वेळी तिनं आवाज सपाट ठेवला. “कप्तान.”

प्रशिक्षकांनी भुवया उंचावल्या. “घरी जेवायला वाढतील ना तुम्हाला?”

कप्तान तिचा थोरला भाऊ होता.

“वळायला त्याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. आकड्यांत स्पष्ट दिसतं.”

“ते मलाही दिसतं. पण दुसरा कुणी असता, तर एवढ्याशा पुराव्यावर काढला असतात का?”

हा प्रश्न तिनं स्वतःला उलट्या बाजूनं विचारला होता: दुसरा कुणी असता, तर एवढा पुरावा असताना ठेवला असता का? भावाची बाजू घेतल्याचा वास येऊ नये म्हणून ती इतकी जपत होती, की तराजू दुसरीकडे कलला तरी तिला तो सरळच वाटला असता.

“काढला असता,” ती म्हणाली.

दादाच्या तोंडाला घरी कुलूप असं नव्हतंच. तो पेपर वाचता वाचता बोले, मोजे शोधता शोधता बोले. बोलणं तरी काय, तर “ठमे, कोपर सांभाळ, पेला आहे.” “आई, मागे बघ, दूध वर येतंय.” मान वर न करता, आवाज न चढवता. त्याला कसं कळे कोण जाणे. आई म्हणे, “याला गप्प बसायचे पैसे दिले असते तर आपण उपाशी मेलो असतो.”

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं.

“आकडे नीट बघितलेस?”

“दोनदा.”

“मग झालं.” त्यानं ताटाखालचं वर्तमानपत्र सरळ केलं. “पोरं चांगली आहेत. त्यांना खेळायला मिळायला हवंच.”

नंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. भांडला नाही, ताट आपटलं नाही. नुसता गप्प झाला, तिच्याशी आणि हळूहळू आईशीही. त्या महिन्यात दूध अनेकदा उतू गेलं. आई शेगडी पुसत राही.

पहिल्या रविवारी तीन नवखे उतरले. उंच बचावपटूला सगळे जिराफ म्हणत, काटकुळ्या आघाडीवीराला टाचणी. आणि मधल्या फळीतला, सगळ्यांत लहान, तो शेंडेफळ. गुरुवारी यांनीच जुन्यांना पळवून पळवून दमवलं होतं. रविवारी शेंडेफळ चेंडू पायाशी घेऊन उभा राहिला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मागून आलेल्यानं चेंडू काढून नेला. जिराफ एक पाऊल पुढे राहिला आणि त्याच्या पाठीमागून गोल झाला. कप्तान सगळ्यांत वरच्या पायरीवर बसला होता. त्याला राखीव बाकावर घ्यायला प्रशिक्षक तयार नव्हते. “खाली बसवला तर पोरं त्याच्याकडेच बघत बसतील,” ते म्हणाले. हेही तर्काला धरून होतं.

गुरुवारी कप्तान नेहमीसारखा शिट्टी घेऊन आला. नवखे जिंकले. रविवारी हरले. पुन्हा तसंच.

तिनं एकेक कारण उचललं आणि टाकून दिलं. प्रतिस्पर्धी भारी म्हणावे, तर तळाच्या संघांनीही यांना धुतलं होतं. प्रेक्षकांचा दबाव म्हणावा, तर पावसानं पायऱ्या ओस पडल्या त्या दिवशीही निकाल तोच. क्लबात मात्र कारण ठरून गेलं होतं: पोरांच्यात दम नाही. या खुलाशाचं तिला वावडं होतं. दम मोजता येत नाही, म्हणून तो कुठेही चिकटवता येतो.

शेवटचा सामनाही गेला आणि संघ खालच्या गटात गेला. मैदानातून आत येणाऱ्या बोळात शेंडेफळ बुटांच्या नाड्या न सोडता बसला होता.

“गुरुवारी तू काय वेगळं करतोस?” तिनं विचारलं.

“काहीच नाही, ताई.”

“काहीतरी असेल.”

त्यानं बराच विचार केला. “गुरुवारी सोपं असतं. कळतं कुठे जायचं ते.”

“आणि रविवारी?”

“रविवारी मैदान फार मोठं वाटतं.” तो ओशाळून हसला. “नेहमीचंच आहे, मला माहीत आहे.”

मैदानाची मापं तिलाही माहीत होती. हे उत्तर तिनं भीती या सदरात टाकलं.

क्लबनं तिघांनाही सोडलं. कप्तानाचा करार संपत होता, तो वाढवला नाही. त्याला दुसऱ्या शहरात एका गोदामात देखरेखीचं काम मिळालं. निघताना तो आईच्या पाया पडला, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि बॅग उचलली. त्याच्या खोलीत शिट्टी खिळ्याला टांगलेली राहिली.

हंगामाचा अहवाल लिहायचा होता. एका दुपारी ती तिरक्या छताखाली गुरुवारची चित्रणं पुन्हा पाहत होती. पडद्यावर कडेनं भाऊ धावत होता, गुडघा जपत, शिट्टी दातांत नाही, हातात. त्याचे ओठ हलत होते. हे तिनं आधीही पाहिलं होतं. दादाचे ओठ हलतातच. आज तिला खेळाबद्दल काही जाणून घ्यायचं नव्हतं. घरात इतके दिवस ऐकू न आलेला आवाज तिला ऐकायचा होता, एवढंच. तिनं आवाज सुरू केला.

“शेंड्या, मागे बघ. हां. आता डावीकडे मोकळं आहे.” शेंडेफळानं न पाहता चेंडू डावीकडे दिला. “जिराफ, एक पाऊल मागे. बास. टाचणी, थांब, थांब... निघ.” टाचणी निघाला. गोल झाला. पंचानं शिट्टी वाजवली आणि तितक्याच निर्विकारपणे म्हणाला, “नाडी बांध रे, पडशील.”

तिनं दुसरं चित्रण लावलं, मग तिसरं. त्याला बाजूला काढल्यानंतरचे गुरुवारही लावले. सगळीकडे तोच आवाज, तेवढाच हळू. जुन्यांशी तो बोलतच नव्हता. ते त्याच्यासोबत इतकी वर्षं खेळले होते, की त्यांना सांगायचं काही उरलंय असं त्याला वाटत नसावं.

तिनं त्याला फोन लावला. मागे लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला.

“गुरुवारी तू त्यांना सांगत होतास.”

“मी? मी शिट्टी वाजवत होतो.”

“बोलत होतास, दादा. सगळा वेळ. मी आत्ता ऐकलं.”

“बोललो असेन. लक्षात नाही आलं.” मग पुन्हा, “पंचानं बोलू नये खरं तर.”

“रविवारी तू मैदानात असतास तर...”

“पोरांना सोडलं ना?”

“हो.”

“तिघांनाही?”

“हो.”

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारली. “आईला सांग, शेगडीपाशी उभी राहत जा,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिनं अहवालात नाइलाजानं लिहिलेला ‘दम’ हा शब्द खोडला आणि त्या जागी लिहिलं: नवखे गुरुवारी जिंकत, कारण पंच असलेला कप्तान त्यांना खेळताना वाट दाखवत होता. रविवारी हरत, कारण त्यांना जागा देण्यासाठी त्यालाच काढलं होतं. नवख्यांना उतरवणं चूक नव्हतं. ते त्याच्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी खेळायला हवे होते. हे वेळेवर कळलं नाही, कारण चित्रणं आवाज बंद करून पाहिली गेली.